मोरीवरचा दगड

पहिल्यांदा तळजाई सोडली.
तिथे उजाडायच्या आत हास्यक्लब भरतो,
आणि चाळीस माणसं एकदम हसली की खारीक
ओलं फडकं टाकावं तसा जमिनीला चिकटतो.
मग वेताळ टेकडी. तिथले मोर चालले त्याला,
पळणारी माणसं नाही चालली.
मग पाषाणचा तलाव. मग कालव्याचा रस्ता,
जिथे जुलै लागला की ढोलपथकाचा सराव
आणि घरी दोन-दोन दिवस दहीभातालाही तोंड नाही.

एक वाक्य मात्र सगळीकडे भेटायचं.
सुटा कुत्रा पुढे, मालक मागून सावकाश, हात खिशात:
"घाबरू नका हो, आमचा काही करत नाही."
माझा करतो!
मी ओरडायचे. काय करतो ते सांगायला वेळ कुठला,
मनगटाला पट्ट्याचे तीन वेढे
आणि दुसऱ्या टोकाला दात विचकून
बावीस किलो भीती.

वाघोलीत, अर्धवट राहिलेल्या इमारतीत,
लिफ्टच्या खड्ड्यात सापडला होता.
त्याआधीचं तो सांगत नाही, मी विचारत नाही.
निळ्या ताडपत्रीला भितो, एवढं कळलंय.

आता रविवारी बोपदेव घाट.
पावणेपाचला निघायचं, सायकलवाल्यांचे लाल दिवे
लुकलुकायला लागायच्या आत वर पोचायचं.
भिवरीच्या पुढे एक कच्ची वाट आहे.
डावीकडे की उजवीकडे, ते सांगणार नाही. राग मानू नका.

सीताफळाची बाग, मग वाटाण्याचं शेत,
मग नुसतंच माळरान, आणि त्यावर
रात्री बसून गेलेल्या मेंढरांच्या लेंड्या.
त्या त्याने एकेक करून वाचल्या,
माझे वडील पेपर वाचायचे तशा, छोट्या जाहिरातींसकट.
डोक्यावरून टिटवी बोंबलत गेली.
मी पट्टा आवळला.
त्याने वर पाहिलं नुसतं, आणि पुन्हा वाचायला लागला.
इतके सैल कान मी त्याचे पाहिले नव्हते कधी.

तिसऱ्या रविवारी लांबच्या वळणावर
माकडटोपी घातलेला एक माणूस, आणि हडकुळी पिवळी कुत्री.
आम्ही थांबलो. ते थांबले.
त्याने हात वर केला, चौकातला हवालदार करतो तसा,
आणि कुत्रीला घेऊन बांधावर उतरला.
आमच्याकडे पाठ करून उभा राहिला,
आम्ही पार निघून जाईपर्यंत.
इतक्या अदबीने माझ्याकडे पाठ
आजवर कुणी फिरवली नव्हती.

पुढच्या खेपेला मोरीच्या कठड्याखाली एक चपटा दगड,
त्याखाली औषधाच्या दुकानाची पावती, पाठीमागे पेनाने:
"मी आत असलो की दगड कठड्यावर.
निघालो की खाली. तुम्हीही तसंच करावं ही विनंती.
बारटक्के. कुत्री यमी, फटाक्यांपासून अशी."

वर्ष होत आलं.
बारटक्क्यांचा आवाज मी ऐकलेला नाही.
टोपीखाली केस आहेत की नाहीत, माहीत नाही.
दगड वर असला की मी गाडी वळणामागे नेते,
दगड थंड असला की कळतं, आज आपण पहिले.
सोसायटीत शेजारणीशी इतकं जमलं नाही माझं
अठरा वर्षांत.

परवाच्या रविवारी कठड्यावर दोन दगड.
एक नेहमीचा.
त्याच्या शेजारी, बोटभर अंतर राखून,
कौलाचा लाल तुकडा.

कुणी सांगितलं असेल? की कुणीतरी
लांबून बघून, आपल्या घाबरटाला पोटाशी धरून,
स्वतःच ओळखला असेल नियम?

मी गाडी मागे घेतली. काच चार बोटं खाली.
डब्यातली भाकरी, अर्धी त्याला, अर्धी मला.
खारकेने हनुवटी गिअरवर ठेवली
आणि वळणाकडे बघत राहिला, न गुरगुरता.
उजाडलं. कुठेतरी पंप सुरू झाला.

साडेसहाला जाऊन पाहिलं
तर कौलाचा तुकडा खाली उतरला होता.
कुणी उतरवला, दिसलं नाही.