जाळरेषा

रविवारी सहाला मी वही उघडतो.
तारीख. हजर. काम. शेरा.
शेरा बहुतेक मोकळाच ठेवतो;
उद्यमनगरात तीस वर्षं हजेरी लिहिली,
तिथं शेरा म्हणजे कुणाचा तरी खाडा.

कात्यायनीच्या डोंगरापलीकडं सत्तावीस एकर.
कागदावर वनखात्याचं,
बघायला गेलं तर सायाळांचं, भेकरांचं,
आणि रानमोडीचं. ती कुणाला न विचारता आली;
आम्ही उपटतो, ती पुन्हा येते,
आमच्याआधी हजर.

शिमग्याच्या आधी जाळरेषा.
सहा मीटरचा पट्टा, वाळलं गवत कापून ओढून
जमीन उघडी करायची,
वणवा आलाच तर त्याला खायला काही मिळू नये.
धनपाल मगदूम खुरप्यानं, शकील मणेर कोयत्यानं,
पोवारबाई दंताळ्यानं,
कॉलेजची दोन पोरं मोबाईलनं.

अकराच्या सुमाराला टिटवी बोंबलायला लागली.
डोक्यावर घिरट्या, मग पंख मोडल्याचं सोंग.
पोवारबाई म्हणाल्या, थांबा.
पुढचं पाऊल कुणी टाकू नका.
मुरमात चार अंडी, खड्यांत खडे,
बरोबर आमच्या दोरीखाली.

मगदूम म्हणाला, पाय वर करून झोपती म्हणं ही,
आभाळ पडलं तर झेलायला.
"आभाळाचं तिचं ती बघंल.
दोरी तेवढी सरकवा."

वळसा म्हणजे चाळीस फूट जास्त कापणी, भर उन्हात.
शकील दोनदा म्हणाला, नाद खुळा,
आणि कोयता घेऊन पहिला तोच वाकला.

मंगळवारी गार्ड आला. रेषा वाकडी का?
मी वही पुढं केली.
शेरा : टिटवी.
त्यानं वाचलं. खाली सही केली.

पाडव्याच्या तोंडावर
खालच्या अंगाला तातोबा वरुटेनं उसाचं पाचट पेटवलं
आणि वारं फिरलं.
करंजाच्या ओल्या डहाळ्यांनी आम्ही आठजण झोडपत होतो,
तातोबा पाठीवर फवारणीचा पंप घेऊन,
पंपात नुसतं पाणी,
तोंडात स्वतःलाच शिव्या.

रेषेनं तीन बाजू धरल्या.
चौथीकडं आग ओलांडून आली,
वळणावर नव्हे, दोरीगत सरळ होती तिथं.
बावीस आवळे गेले.
त्यातला एक पोवारबाईंनी पाच उन्हाळे
बादलीनं जगवलेला.
त्या काही बोलल्या नाहीत,
दंताळं धुऊन उन्हाला ठेवलं.

मुरमाच्या खळग्यात कवचाचे दोन तुकडे.
पिल्लं चालत गेली का मुंगसानं नेलं,
यावर मगदूम आणि शकील अजून भांडतात.

पुढच्या रविवारी सहाला वही उघडली.
करंजाखाली तातोबा उभा,
चप्पल काढून, देवळात आल्यासारखा.
"माझं बी नाव लिवा."
लिहिलं. हजर : नऊ.
शेऱ्यात पेन टेकवून बसलो,
शब्द काही येईना.
तेवढ्यात वरून पोवारबाई ओरडल्या,
"लिहिताय काय मगापासनं?
वर या की, रानमोडी फुटलीय."