पाणी कुठवर आलं होतं?

हाच माझा प्रश्न, दारोदार.
हातात तेरा फुटांची मोजपट्टी, पायात सरकारी बूट,
आणि मागे केंटकीच्या या चिंचोळ्या खोऱ्यात
घोटाभर पाण्याचा मडलिक ओढा,
आपण त्या गावचेच नाही अशा थाटात.

ऑर्व्हिल स्टॅम्पर खुर्चीतून उठत नाही.
पायरीकडे बोट करतो: दुसरी. फार तर तिसरी.
कुंपणावर पाटी आहे, घर विकायचंय.
खिडकीच्या जाळीत वाळक्या गवताची वेणी अडकलीय,
तिसऱ्या पायरीपासून पाच फूट वर.
मी ती मोजतो. तो दुसरीकडे बघतो.
'शंभर वर्षांचा पूर ना हा? तुमच्याच साहेबांनी सांगितलं.
म्हणजे आता शंभर वर्षं घोर नाही.'
तसं नसतं, मी म्हणतो,
दर वर्षी नव्यानं चिठ्ठी निघते शंभरातून एक,
गेल्या वर्षीची परत डब्यात टाकून.
'म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.'
नाही.

वहीत एक रकाना आहे: कारणे.
डोंगरमाथा कोळशासाठी सोलला, लिहितो मी,
पावसाला टेकायला जागा उरली नाही.
वरच्या अंगाला नवी दुकानं, पुढ्यात चार एकर डांबर.
मोरी आजोबांच्या काळातली,
तेव्हाच्या पाण्याच्या मापाची.
तिच्या तोंडात आधी सिकॅमोरचं एक खोड आडवं आलं,
त्यावर खुराडं, खुराड्यावर गाद्या,
मग कुणाची तरी गॅसची टाकी, शीळ घालत,
मग अख्खा एक ट्रेलर, आत दिवा तसाच चालू.
धरण झालं, गावाच्याच सामानाचं.
पहाटे तीनला ते फुटलं.
भोंगा होता की,
अग्निशमन ठाण्याच्या छतावर.
ठाणं ओढ्याकाठी.

रकान्यात मावत नाही ते असं
की इथे सपाट जमीन म्हणजे ओढ्यानंच आणून टाकलेली जमीन.
बाकी नुसता चढ.
मेलेल्यांना तेवढं डोंगरावर नेतात,
जिवंतांना परवडत नाही.

लूडी कोम्ब्स मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेते.
चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, पुढे नावं, तारखा:
डार्ला, डार्ला, व्हर्जिल, डार्ला, व्हर्जिल, टोबी.
आणि सगळ्यांना आडवा छेदत गेलेला
गाळाचा तपकिरी पट्टा.
भिंती तिनं धुतल्या, रंगवल्या. ही चौकट सोडून.
मी पट्टी लावतो. चार फूट दोन इंच.
पट्ट्याच्या खाली शेवटचं नाव एकच, टोबी.
मी काही विचारलेलं नाही.
'तो नव्हता त्या रात्री घरी,' ती म्हणते,
'माझ्या बहिणीकडे होता.'
मग पुन्हा एकदा, माझ्या वहीकडे बघत:
'लिहा ना. नव्हता घरी.'
त्यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहितो.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत नकाशा पसरून
खुणेला खूण जोडत रेघ ओढत जातो.
ऑर्व्हिलचा फोन येतो, नंबर कुठून मिळाला कोण जाणे:
रेघ थोडी अलीकडे घेता येईल का,
फक्त त्याच्या गोठ्यापर्यंत?
पेन्सिल तर माझ्याच हातात आहे.
खोडरबरही.
मी म्हणतो, ओढ्याला विचारून सांगतो.
तो हसत नाही. मीही हसायला नको होतं,
कारण रेघ आता चर्चला वळसा घालून
पेट्रोलपंपावरून सरळ
याच मोटेलच्या पाठीमागे निघालीय,
आणि पाठीमागे नाही,
पुढे.

खोली नंबर सहा. तळमजला.
बाहेर आभाळ स्वच्छ.
उगाच आपलं, निजताना
बूट काढून टेबलावर ठेवतो.