खोकल्याचा नियम

मंडईच्या दुसऱ्या दिवशी, नाटकाचा मंडप सोडायच्या आत,
त्याच दऱ्यांवर आम्ही मेंढीकोट भरवतो.
बत्तीस जोड्या. जोडीमागे एक्कावन रुपये.
पैसा लावायचा नाही, हे जमादारानं लिहून घेतलंय,
म्हणून पहिलं बक्षीस कुकर, पाच लिटरचा,
दुसरं थर्मास.

पंच मी. राइस मिलचा जुना दिवाणजी,
डोळ्याला काटा बघायची सवय, म्हणून असेल.
नियम मीच लिहिले, खोक्याच्या पुठ्ठ्यावर,
पण मला सुचले नाहीत ते.
एकेका नियमाखाली एकेक माणूस बसलाय.

दरीला टेकलं ते पान गेलं.
हा शालिक झोडेचा. बदामची राणी टाकून
परत उचलली, म्हणाला, "वाऱ्यानं उडाली जी."
त्या दुपारी धानाचं कुसळ हलत नव्हतं.

रंग असून न देणाऱ्याची एक मेंढी जाईल.
हा देवाजी मास्तरांचा, पण त्यांचा दोष नव्हता,
मोतीबिंदूत किलवर-इस्पिक एकच दिसायचं.
ऑपरेशन झालं. नियम राहिला.

पान मांडीखाली ठेवू नये.
याचं नाव नाही सांगत,
तो आता सरपंच आहे.

हरल्यावर जोडीदाराला घरापर्यंत शिव्या देऊ नयेत.
मंडपात द्याव्या. दहा मिनिटं. मग चहा.

आणि शेवटचा, लाल शाईत:
डाव चालू असताना खोकू नये.
खोकला म्हणजे किलवर, नाक म्हणजे चौकट,
एका साली खालच्या टोलीचे दोघे
नुसता कान खाजवत कुकर घेऊन गेले होते.

आता माणिक कापगते.
बावीस वर्षं आम्ही एकाच मिलमध्ये,
मी आत वहीत, तो बाहेर कोंड्याच्या धारेखाली.
खोकला आला की पानं पालथी ठेवतो,
मंडपामागं जातो, उभ्या बंड्यांजवळ,
आणि आम्हाला ऐकू येतं तरी
ऐकू येत नाही असं सगळे बसतात.
झोडे बंधूसुद्धा. तंबाखू मळत थांबतात.
हे पुठ्ठ्यावर कुठेच नाही.

यंदा शेवटचा डाव. माणिक आणि रेवाराम हटवार एकीकडे,
समोर झोडे. आमच्या गावाच्या दोन मेंढ्या आल्या होत्या,
(पंचानं आमच्या म्हणू नये, पण म्हणालो)
झोड्यांची एक. किलवरची दश्शी अजून बाहेर.
हातात तीन-तीन पानं. उतारी रेवारामची.
मी त्याच्या पाठीशी बसलेलो,
त्याचं बोट किलवरच्या एक्क्यावर गेलेलं मी पाहिलं.
नुसतं गेलेलं नाही, पान अर्धं वर आलं होतं.

आणि माणिकला उठायला वेळ मिळाला नाही.

एकच खोकला. कोरडा.
जनरेटर तेवढा आवाज करत राहिला.
थोरल्या झोडेनं माझ्याकडे पाहिलं,
मी पुठ्ठ्याकडे पाहिलं,
लाल शाई मीच आणली होती, साकोलीहून.

रेवारामनं बोट काढलं.
एक्का पुन्हा पानांत बसवला, सावकाश,
जणू झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं,
आणि चौकटची पंजी उतरला.

मेंढी झोड्यांकडे गेली.
दोन-दोन. हात सात-सहा. कुकर झोड्यांचा.
पोरांनी फटाक्याची एक लड लावली, अर्धी फुसकी निघाली.

नंतर बंडीशी गाठून विचारलं, रेवाराम,
बोट तर तुझं आधीच होतं ना एक्क्यावर?
"होतं ना जी," म्हणाला.
"मंग तो खोकलला."

एवढंच. आणि मोटारसायकलला किक मारू लागला,
ती लवकर लागत नव्हती.

माणिक मागं बसला होता, थर्मास मांडीवर धरून,
झाकण फिरवून पाहत, पुन्हा लावत.
मला म्हणाला, "पाणी गरम राहते का जी
यात, सकाळवरी?"
राहते, म्हणालो.
मला माहीत नव्हतं.