मांजरीचा आकडा

तोर्रे देल ग्रेको. शनिवार.
लॉटरीच्या दुकानाचं शटर अजून अर्धं वर,
आणि पायरीवर एर्सीलिया,
हातात रिकामी पिशवी,
डोळ्यांत रात्रीचं उरलंसुरलं.

"पुन्हा आली," म्हणते. "काळीच."

मी काचेआडून पुस्तक ओढतो.
माझ्या मामाने आणि त्याच्याआधी कुणी कुणी
थुंकी लावून उलटलेली पानं,
कोपरे खाऱ्या वाऱ्याने मऊ पडलेले.
आमच्याकडे स्वप्नात जे येईल त्याला आकडा असतो.
मेलेला दिसला, सत्तेचाळीस.
मेलेला बोलला, अठ्ठेचाळीस.
भीतीला नव्वद.
मांजर म्हणजे तीन.
तीन लिहू?

"थांब की. काळी होती म्हटलं ना."

मग माझे प्रश्न, वैद्यासारखे:
आडवी गेली?
डावीकडून, की उजवीकडून?
ओरबाडलं? पिल्लं होती? दूध प्यायली?
आडवी गेली असेल तर बाई, पैसे घरी ने,
खिशातल्या किल्लीला हात लाव,
लोखंडाला धरून राहा सोमवारपर्यंत.

"आडवी कसली जातेय," एर्सीलिया म्हणते,
"बसून असते.
सबातीनोच्या बुटात.
डाव्या."

रांगेतली कुजबुज थांबते.
सगळ्या गल्लीला ठाऊक आहे ते खोकं,
डाकारच्या पुढे कुठेतरी बुडालेल्या बोटीचं,
कंपनीने सही घेऊन दिलेलं:
वस्तरा, दाढीचा ब्रश, जपमाळ,
आणि बूट एकच.
उजवा.

कातेल्लो मासळीवाला म्हणतो, काळं मांजर म्हणजे न फेडलेलं पाप,
मिस्सा सांग त्याच्या नावाने.
म्हातारा आनिएल्लो, चाळीस वर्षं इंजिनरूममधला, खेकसतो,
पाप कसलं! आम्ही काळी मांजरं मुद्दाम चढवायचो बोटीवर,
उंदीर जातात, नशीब राहतं.
औषधवाल्याची बायको मासिकं वाचते.
ती हळूच म्हणते, मांजर म्हणजे तूच गं,
तुझीच दाबून ठेवलेली काहीतरी...
पुढचं तिला रांगेत बोलवत नाही.
एर्सीलिया सगळ्यांचं ऐकते,
जसा बाजारात सार्डिनचा भाव ऐकतात,
घ्यायचे नसताना.

"तो होता का स्वप्नात?" मी विचारतो.
सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस, पेन तयार.

"तो कुठला. मांजर उठून गेली
तेव्हा मी बुटात हात घातला."
आणि ती खरंच हात घालते, पिशवीत, कोपरापर्यंत.
"ऊब होती रे.
कुणीतरी आत्ताच पाय काढल्यासारखी."

मी शोधतो.
चूल आहे, ताप आहे, भट्टीतून काढलेली भाकरी आहे,
उन्हात वाळत टाकलेली चादरसुद्धा आहे.
हे नाही.

"लिही तुझ्या मनाने काहीतरी," ती म्हणते,
नाणी मोजत, एक परत खिशात टाकत.
मी लिहितो: तीन आणि सत्तेचाळीस, नापोलीचं चक्र.
चिठ्ठी घडी न करता पिशवीत टाकते आणि जाते,
ज्वालामुखीकडे पाठ, बंदराकडे तोंड.

किती वर्षं झाली, माझ्या उशिरा लक्षात आलं:
निकाल लागतो त्या संध्याकाळी
फळ्यासमोर मुंडक्यांची गर्दी होते,
त्यात ती कधीच नसते.
एकदा तर दोन्ही आले, तीनही, सत्तेचाळीसही.
मी निरोप पाठवला, कातेल्लोच्या पोराबरोबर.
म्हणाली, शनिवारी येतेच आहे ना.
शनिवारी आली,
पैशांचं नाव नाही.
"काल शेपटी बाहेर होती बुटाच्या," म्हणाली,
आणि वाट पाहत राहिली
मी विचारीन म्हणून:
डावीकडे, की उजवीकडे?

पुस्तकाचं शेवटचं पान कोरं आहे.
काल दुकान बंद करताना पेन्सिलीने लिहिलं तिथं,
मामाच्या अक्षराइतकं नीट नाही आलं:
ऊब, मांजर उठून गेल्यावरची.
पुढे जागा सोडली आहे.
आकडे आमच्याकडे नव्वदपर्यंतच,
आणि नव्वद दिलेला आहे आधीच.