बंद म्हणजे काय

साकीनाक्याच्या मागल्या गल्लीत, पत्र्याच्या तीन गाळ्यांत
आम्ही पंपाचे भाग बनवतो.
त्यातला एक, पितळी, अंगठ्यात बसेल एवढा.
ड्रॉइंगवर त्याचं नाव बुश,
खरेदीच्या बिलावर स्लीव्ह,
स्टोअरच्या वहीत बी-बावीस,
आणि लेथवरचे घाडीकाका त्याला म्हणतात बांगडी.
चौघंही खरं बोलतात.
मागच्या महिन्यात चौघांनी चार ऑर्डरी दिल्या.
सोळाशे बांगड्या आल्या,
मनगट एकही नाही.

मला पगार मिळतो तो याचाच:
या नावांची आपसांत ओळख करून द्यायची.
मालकांसमोर मी ऑन्टॉलॉजी म्हणते,
स्टोअरच्या भोगलेबाईंना म्हणते, सोयरीक.
कोण कुणाचं काय लागतं ते लिहायचं, बस्स,
म्हणजे एका यंत्राचं बोलणं दुसऱ्याला कळेल.
स्लीव्ह म्हणजे बुशच. बुश पंपाचा अवयव.
पितळ त्याचं द्रव्य. लेथ त्याची...
"आई का?" बाई चष्म्यावरून विचारतात.
लेथने घडवलं, असं लिहितो आपण. जन्म दिला, असं नाही.
"का बरं?"
तेवढ्यात विमान आलं. इथे विमान डोक्यावरून गेलं
की सगळ्यांची वाक्यं अर्ध्यावर थांबतात.
ते गेल्यावर बाई खोके मोजायला लागल्या होत्या.

कुर्ल्याचे चौगुले भट्टीचे आकडे पाठवतात.
तापमान: साडेतीनशे.
साडेतीनशे काय, ते कुणी विचारलं नाही.
त्यांच्या भट्टीचं घड्याळ जुनं, फॅरनहाइटमधलं.
आमच्या संगणकाने सेल्सिअस समजून
शाफ्टला पास केलं.
शाफ्ट काचेसारखा गेला.
चौगुले म्हणाले, आकडा बरोबर होता.
होताच.

आणि मग बंद.
स्क्रीनवर प्रत्येक मशीनला रंग दोनच,
हिरवा चालू, लाल बंद.
वीज गेली, बंद. टूल झिजलं, बंद.
टेम्पो खैरानी रोडला अडकलाय, बार आलेला नाही, तेही बंद.
चहा. नमाज. तंबाखू मळायची दोन मिनिटं.
मेंटेनन्सच्या लेखी बंद म्हणजे बिघाड,
हिशेबाच्या लेखी नुकसान,
मालकांच्या लेखी कुणीतरी झोपलंय.
मी एका बंदच्या खाली अकरा फांद्या काढल्या.
प्रत्येक फांदीला व्याख्या, प्रत्येकीला खूण.
छान दिसत होतं झाड.

लेथ नंबर चार मात्र कुठेच बसेना.
मेंटेनन्सच्या नोंदीत ठीक,
संगणकात उपलब्ध,
आणि वर्षानुवर्षं त्यावर कुणी उभं नाही.
तेल मात्र ताजं.

"काका, चार नंबर?"
"बंद आहे तो."
"बिघडलाय?"
"नाही."
"माल नसतो?"
"माल आहे."
"मग काय लिहू?"
त्यांनी डावा हात माझ्या वहीवर पालथा ठेवला.
मोजायचं नव्हतं मला.
तीन.
हात तसाच राहू देऊन ते म्हणाले,
"रोज सकाळी तेल घालतो. चालू नाही करत."

त्या रात्री मी बारावी फांदी काढली.
सॉफ्टवेअर अडून बसलं:
व्याख्या भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
बिघाड नाही. विश्रांती नाही. खोळंबा नाही.
नाही नाही लिहून व्याख्या होत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवते.
शेवटी टाइप केलं,
घाडीकाकांना विचारा.
त्याने मुकाट्याने घेतलं.

गेल्या आठवड्यात आमचं झाड
पुण्याच्या पंपवाल्यांच्या झाडाला जोडलं.
आता बुश, स्लीव्ह, बी-बावीस, बांगडी
तिथे एकाच ओळीत सुखाने नांदतात.
आज दुपारी तिकडून फोन आला.
आवाज कोवळा, नोकरी नवी असावी.
"तुमची बारावी नोंद आमच्याकडे उघडली,
आमच्याकडेही एक मशीन आहे, कुठेच बसत नाही."
मग जरा थांबून,
"घाडीकाका आहेत का?"

मी गाळ्याच्या दारातून हाक मारली.
विमान चाललं होतं. ते जाईपर्यंत
रिसीव्हर हातात धरून उभी राहिले.