सत्तर हजारांत

भिशीचे सत्तर.
त्यातले पाच जाळ्यासाठी रुमालात वेगळे बांधलेले,
म्हणजे पासष्ट.
पासष्टांत होडी मिळेल का, असं विचारलं
की माणसं आधी माझ्याकडे बघतात,
मग जोमाच्या उजव्या हाताकडे,
ज्याला तीनच बोटं आहेत,
आणि मग म्हणतात, बघू.

ऐरोलीला, दिव्याच्या कोळीवाड्यात, एक फायबरची होती.
पांढरी फेक, दवाखान्यातल्या बेसिनसारखी.
निकेतनं महापेच्या ऑफिसातून फोटो धाडलेला,
खाली लिहिलेलं: आई, हीच घे, मेंटेनन्स नाही.
मालक बूट घालून उभा.
खाडीवर कुणी बूट घालत नाही असं नाही,
पण त्याच्या बुटांना चिखल नव्हता.
कलिंगड ठोकतात तसं मी बोटाच्या पेरानं ठोकत गेले.
एका जागी आवाज बसका आला.
तिथला रंग ताजा होता.
"गळती? छे! एक थेंब नाही."
तीस वर्षं बाजारात मीही हेच सांगत आलेय,
आजचंच हाय बाय, पहाटेचं.

करावेची लाकडी, रुंद, इंजिनासकट.
जोमानं दोरी ओढली,
एकदा, दोनदा, पाचव्यांदा ते खोकलं
आणि हा हसला, हळदीला हसला होता तसा.
पण आपल्याला जायचंय कुठं?
पुलापलीकडच्या मोठ्या पाण्यात नाही,
तिवरांतल्या ओहळांत,
जिथं ओहोटीला गुडघाभर उरतं
आणि चिंबोरी बिळातून डोळे काढून बघते.
तिथं ही रुंद होडी म्हणजे
खोपटात घुसवलेलं रुखवताचं कपाट.
शिवाय इंजिन रोज पेट्रोल मागणार.
वल्ह्याला भाकरी पुरते,
तीही आम्हीच खायची.

तीन बोटांनी वल्हं धरवेल का
हे मी विचारलं नाही.
रात्री, मला झोपलेली समजून,
तो झाडूच्या दांड्यावर पकड बसवून बघत होता.

दिवाळ्याला पोशा नाखवा होडीतच बसून जाळं सांधत होता.
"काठाव पालथी घातली का सगल्याच बर्‍या दिसतान,"
म्हणून त्यानं ती पाण्यात ठेवलेली.
किंमत बोलला नाही.
आधी विचारलं, दोघांचं मिळून वजन किती?
मग मधली फळी उचलून बोट टेकवलं.
"इथशी पानी येतं. भरतीला दोन डबे.
काथ्या भरलास का म्हयनाभर नाय येत.
मंग परत येतं."

मी कोयत्याचं टोक कण्यात खुपसून पाहिलं.
लाकूड मागं सरलं नाही.
मी साठ म्हटलं, तो अडुसष्ट.
तेवढ्यात एक बोईट उडालं,
तिघांनीही मान वळवली,
परत समोर बघितलं तोवर चौसष्ट झालं होतं.
कोण बोललं, आठवत नाही.
उपसायचा डबा फुकट:
रंगाचा, अर्धा कापलेला,
कडेला त्याच्या अंगठ्यानं पाडलेली खाच.
माझा अंगठा तिच्यात बसत नाही.

उरला एक हजार.
काथ्या, डांबर, नोंदणीच्या चकरा.
रंगाला काही नाही,
म्हणून नावेचं नाव तसंच राहिलं.
पुढच्या फळीवरची पहिली अक्षरं खार्‍या पाण्यानं खाल्लीत.
कोण होती, मी विचारलं.
पोशा नाखवा गाठ सोडवत राहिला.
आता तिथं नुसतं "बाय" आहे.
बाजारात मला त्याच नावानं हाक मारतात.

जोमानं वल्हं पाण्यात घातलं.
मी डबा घेऊन फळीपाशी बसले.
सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत
अडीच डबे निघाले.