यादीत सत्तेचाळीस

मारिन्या ग्रांदमधून समुद्र दिसत नाही,
पण दुपारी चारनंतर त्याचं मीठ
ऑफिसच्या काचेवर येऊन बसतं.
काचेच्या आत मी, ग्रासिएत, वय त्रेपन्न,
बाटलीच्या झाकणांचा साचा रचते आहे.
चोवीस पोकळ्या. प्रत्येकीच्या तळाशी एक पिन:
झाकण थंड झालं की त्याला
हलकेच बाहेर ढकलणारी.

पहिली पिन मी नीट बसवली.
कुठल्याही सुट्या वस्तूला सहा मोकळिका असतात,
तीन सरकायच्या, तीन वळायच्या.
छिद्राशी अक्ष जुळवला, चार गेल्या.
डोकं पाटाला टेकवलं, पाचवी गेली.
स्वतःभोवती फिरायची तेवढी राहू दिली;
गोल पिनेचं त्यात काय बिघडतं.

मग म्हटलं, आता हिच्यासारख्याच तेवीस,
सोयरिकींसकट.
यंत्र जरा घुटमळलं आणि झालं म्हणालं.
पडद्यावर एकच पिन.
पुन्हा केलं. एकच.
तेव्हा कुठे डावीकडच्या यादीवर नजर गेली:
सत्तेचाळीस.

सगळ्या आल्या होत्या.
सगळ्या त्याच छिद्रात, एकमेकींच्या अंगात अंग घालून,
निमूट, चकचकीत.
पत्ताच तो एक दिला होता मी त्यांना.

अदेरितु निवृत्त झालाय, तरी गुरुवारी येतो,
कॉफी आपली, खुर्ची आमची.
माझ्या खांद्यावरून बघून म्हणाला,
"तेवीस पिना म्हणजे आम्हाला तेवीस दुपारी लागायच्या.
बारावी नेहमी केसभर जाड निघायची.
पण दोन पिना एका छिद्रात
कधी गेल्या नाहीत.
पोलादाला तेवढी लाज असते."

सगळ्या पुसल्या. एकेक घेतली.
आता यंत्र दर पिनेला विचारतं,
कुठल्या छिद्राशी?
कुठल्या पाटाला?
आणि मी बोट ठेवून दाखवते: इथे. याला.
पुढची. इथे. याला.

नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये नोएमियाचा फोन.
लक्झेंबर्गमधल्या तिच्या स्वयंपाकघराचा फोटो:
चुलीच्या डावीकडे तेलाचा डबा,
दारामागे कॅलेंडर,
हिरव्या पट्ट्यांचा पंचासुद्धा तिसऱ्याच खुंटीवर.
"सगळं आपल्यासारखं लावलंय, आई.
फक्त तेल गोठतंय. असं का?"

डावीकडे तिची खिडकी उत्तरेला उघडते.
आमच्या डब्यावर अकरा ते दोन ऊन असायचं,
ते कुणी मोजलं नव्हतं,
म्हणून ते नेलंही नाही.
"डबा उजवीकडे घे," मी म्हटलं.
"पण आपल्याकडे तर..."
यातलं आपल्याकडे म्हणजे आता कुठलं,
ते मी विचारलं नाही. तिची ट्राम आली होती.

सतरावं छिद्र ओळीत नाही.
खालची पाटी एका जुन्या साच्यातली,
थंड पाण्याची नळी त्या कोपऱ्यातून जाते,
आणि कुणीतरी हाताने ते छिद्र
दोन मिलिमीटर बाजूला घेतलेलं.
सरळ रांग मारली असती
तर सतरावी पिन थेट पाण्यात.
अदेरितुला विचारलं, हे कुणाचं?
तो खिडकीवरचं मीठ
नखाने खरवडत राहिला.

साडेसहाला चोवीस पिना, चोवीस छिद्रं.
यादी आणि डोळे एकदाचे एकमेकांना पटले.
जाता जाता सतराव्या पिनेला माऊसने धरून ओढलं.
हलली नाही.
फिरवलं, तर फिरली,
जागच्या जागी, कुणाला धक्का न लावता,
ठेवली होती तेवढ्या मोकळिकीत.

"आणि उद्या गिऱ्हाईक बत्तीस म्हणालं तर?"
अदेरितुने कप विसळत विचारलं.
मी कोट घातला.